न झालेल्या लढतींची कुळकथा

बॉक्सिंगच्या शौकिनांची बैठक जमली की झालेल्या लढती पाच मिनिटांत बोलून संपतात. रात्र सरते ती न झालेल्या लढतींवर. दहापैकी दहा लढती नॉकआउटने जिंकलेला एखादा पोरगा घ्यायचा, त्याच्यासमोर जगज्जेता उभा करायचा आणि विचारायचं, आज लावली तर कोण? मग आवाज चढतात. आणि कोणी कोणाचं ऐकून मत बदललंय, असं सहसा होत नाही.

हा वाद याच खेळात इतका का फोफावला? एक साधं कारण आहे. क्रिकेटला, फुटबॉलला वेळापत्रक असतं. समोर कोण येणार हे खेळाडूच्या हातात नसतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लढत ठरते ती मॅनेजर, प्रमोटर आणि प्रक्षेपण कंपनी यांच्या घासाघिशीतून. होतकरू पोराला त्याचा मॅनेजर निवडक, मऊ प्रतिस्पर्ध्यांवर जपून वाढवतो. जगज्जेत्याचा मॅनेजर तोंडावर हसतो आणि मनात हिशेब करतो, की या पोराशी लढून मिळणार किती आणि हरलो तर जाणार किती. हिशेब जुळेपर्यंत महिने जातात, कधी वर्षं. तोवर ती लढत लोकच लढतात.

पैजेवर चालणाऱ्या जुन्या इंग्लंडमध्ये हे चालतच होतं. डिसेंबर १८२१ मध्ये हंगरफर्डजवळ 'गॅसमन' हिकमन आणि बिल नीट यांची उघड्या मुठींची लढत झाली. ती बघायला गेलेल्या विल्यम हॅझलिटने पुढे निबंध लिहिला. त्यात लढतीइतकीच जागा लंडनहून जाता-येताच्या प्रवासाला आणि गप्पांना आहे. बढाईखोर हिकमन हरला.

पण होतकरू विरुद्ध जगज्जेता या वादाला आजचं रूप आलं ते अमेरिकेत, आणि त्याचं मूळ फारसं अभिमानास्पद नाही. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवलं आणि हेवीवेटचं जगज्जेतेपद पहिल्यांदा एका काळ्या माणसाकडे गेलं. गोऱ्या अमेरिकेला ते पचेना. कादंबरीकार जॅक लंडन ती लढत पाहायला सिडनीत होता. जिम जेफ्रीजने शेतावरून परत यावं आणि जॉन्सनच्या तोंडावरचं हसू पुसावं, असं त्याने वर्तमानपत्रातून लिहिलं. जेफ्रीज हा अपराजित निवृत्त झालेला माजी जगज्जेता. निवृत्त आणि अपराजित माणूस वादात कधी हरत नाही. पंचेचाळीस किलोच्या आसपास वजन उतरवून तो ४ जुलै १९१० रोजी रेनोच्या रिंगमध्ये उतरला आणि पंधराव्या फेरीत संपला. त्या निकालावरून अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसं मेली.

जुना वीर चालला नाही, तेव्हा नवे पोरगे हुडकायला सुरुवात झाली. या 'व्हाइट होप'च्या शोधात प्रमोटर शेतांवर, खाणींत धिप्पाड गोरी पोरं धुंडाळत होते. वर्तमानपत्रं दर आठवड्याला नव्या नावावर शिक्का मारून विचारत होती, हा जॉन्सनला पाडेल का? त्यातलं एक नाव ल्यूथर मॅकार्टी. वयाच्या विशीतच तो 'गोरा जगज्जेता' ठरला. ही गादीही काल्पनिकच, कारण खरा जगज्जेता जॉन्सन होता. २४ मे १९१३ रोजी कॅल्गरीत मॅकार्टी पहिल्याच फेरीत कोसळला आणि मेला. वय २१. जॉन्सनशी त्याची लढत कधीच झाली नाही. अखेर ५ एप्रिल १९१५ रोजी हवानात जेस विलर्डने २६व्या फेरीत जॉन्सनला पाडलं. विलर्डचं वय तेव्हा ३३, जॉन्सनचं ३७.

या प्रकरणातून मला एक गोष्ट दिसते, आणि ती आजही खरी वाटते. होतकरूच्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्याला पुष्कळदा त्या पोराचं फार काही पडलेलं नसतं. त्याला गादीवरचा माणूस नको असतो, एवढंच. तेव्हा कारण कातडीचा रंग होतं. आता जगज्जेत्याचा कंटाळा, त्याची बडबड, त्याची पळवाट, काहीही पुरतं.

१९२२ मध्ये नॅट फ्लायशरने न्यूयॉर्कमध्ये 'द रिंग' मासिक काढलं. काही वर्षांतच त्यात वजनगटांप्रमाणे क्रमवारी छापून येऊ लागली. पहिली यादी प्रमोटर टेक्स रिकार्डने केली होती. तिकिटं विकणाऱ्यानेच गुणपत्रिका लिहावी, हे त्या काळी कोणाला खटकलं नसावं. यादी आली तशी वादाला आकड्यांची भाषा मिळाली. सहावा दुसऱ्याला का नाही, आणि यादीतच नसलेला पहिल्याला का नाही?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकाने स्वतःच द्यायचं ठरवलं. पीट रॅडमाकर हा अमेरिकन सैन्यातला अधिकारी, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकचा हेवीवेट सुवर्णविजेता. व्यावसायिक लढत एकही नाही. त्याच्या डोक्यात आलं, पहिलीच लढत थेट जगज्जेत्याशी का नको? जॉर्जियातल्या व्यापाऱ्यांना पटवून त्याने पैसा उभा केला, फ्लॉइड पॅटरसनला अडीच लाख डॉलरची हमी दिली, आणि २२ ऑगस्ट १९५७ रोजी सिअॅटलच्या बेसबॉल मैदानात खरंच लढत लागली. गंमत अशी की 'नवखा' २८ वर्षांचा आणि जगज्जेता २२चा. दुसऱ्या फेरीत रॅडमाकरचा ठोसा बसला आणि पॅटरसन खाली गेला. काही सेकंद का होईना, जगभरच्या बैठकांतले सगळे आगाऊ लोक बरोबर ठरले होते. पॅटरसन उठला. मग रॅडमाकर पडू लागला, पुन्हा पुन्हा पडला आणि सहाव्या फेरीत बाद झाला. पुढे १९६२पर्यंत तो लढत राहिला. जगज्जेतेपदाची संधी पुन्हा आली नाही.

जाणकार मात्र यावरून शेफारले असतील, तर त्यांचीही फजिती लांब नव्हती. २५ फेब्रुवारी १९६४ला मायामी बीचवर जगज्जेत्या सनी लिस्टनसमोर २२ वर्षांचा कॅशियस क्ले उभा राहिला, तेव्हा ४६पैकी ४३ क्रीडापत्रकारांनी लिस्टनच्या नावावर कौल दिला होता. पैजेचा भाव सातास एक. सातव्या फेरीची घंटा झाली आणि लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

मग यंत्राला विचारलं गेलं. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्याने सोळा हेवीवेट जगज्जेत्यांची स्पर्धा संगणकावर लावली आणि तिचं समालोचन खऱ्या लढतीसारखं रेडिओवर ऐकवलं. क्ले, म्हणजे तोवर मुहम्मद अली झालेला, जेफ्रीजकडून हरला. ज्याला जॉन्सनने लोळवलं, त्याच जेफ्रीजकडून! सैन्यभरती नाकारल्याने खेळाबाहेर बसलेल्या अलीने बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तो मिटला तो नव्या सौद्यावर: दहा हजार डॉलर आणि नफ्यात वाटा घेऊन अलीने निवृत्त जगज्जेत्या रॉकी मार्सियानोशी लढतीचं चित्रीकरण करायचं. १९६९ मध्ये मायामीच्या एका स्टुडिओत पंचेचाळिशीचा मार्सियानो टोप लावून आला. दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या खेळून वेगवेगळे शेवट चित्रित केले. चित्रपट २० जानेवारी १९७० रोजी दाखवला गेला. तो बघायला मार्सियानो नव्हता. ऑगस्टमध्येच विमान अपघातात तो गेला होता. अमेरिकेत पडद्यावर तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत जखमांमुळे लढत थांबून अली जिंकला. यंत्राला माहिती पुरवली होती माणसांनीच. त्यांनी जे भरलं तेच बाहेर आलं.

त्यानंतरचा हिशेब थोडक्यात सांगता येतो, कारण साचा तोच आहे. फक्त एक सावधगिरी हवी. कागदावरचा नवखा खरोखर नवखा असतोच असं नाही. थायलंडच्या सेन्साक मुआंगसुरिनने १९७५ मध्ये तिसऱ्याच लढतीत जगज्जेतेपद जिंकलं, पण तो मुआय थायमध्ये आधीच मुरलेला होता. लिऑन स्पिंक्सने १९७८ मध्ये आठव्या लढतीत अलीला हरवलं, तो ऑलिंपिक विजेता होता. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा वासिल लोमाचेंको मात्र २०१४ मध्ये दुसऱ्याच लढतीत ओरलांडो सालिडोसारख्या मुरब्बी, आडदांड गड्याकडून हरला आणि तिसऱ्या लढतीत जगज्जेता झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या फ्रान्सिस एनगानूने बॉक्सिंगमधल्या आपल्या पहिल्याच लढतीत जगज्जेत्या टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत पाडलं आणि विभागलेल्या निकालावर हरला. त्यानंतर तो कोणालाही हरवेल असं लोक बोलू लागले. मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवलं.

तेव्हा पुढच्या बैठकीत कोणी एखाद्या पोराचे दहा नॉकआउट पुढे करून जगज्जेत्याला निकालात काढू लागला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: हा आजवर कोणाकोणाशी लढला, आणि खाली पडून उठलेला कोणी पाहिलाय का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पैज लावू नका.