हिमगौरीचे वडील

सावत्र राणी हिमगौरीच्या जिवावर उठली तेव्हा राजा काय करीत होता, असा प्रश्न लहानपणी आमच्या मनात आला नाही. तो आला नातवंडांबरोबर चित्रपट पाहताना. मग आम्ही मूळ कथेकडे वळलो आणि तेथेही राजा सापडेना.

ग्रिम बंधूंच्या जर्मन कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यातील दुष्ट राणी सावत्र नाहीच. ती हिमगौरीची सख्खी आई आहे. बर्फासारखी गोरी मुलगी व्हावी म्हणून झुरणारी आणि ती मुलगी सात वर्षांची होताच तिचे यकृत व फुप्फुसे शिजवून खाऊ पाहणारी बाई एकच! संग्रहाच्या नावातच मुले आणि घर हे दोन्ही शब्द होते. अशी आई त्या घरात कशी खपावी? १८१९ च्या आवृत्तीत सख्खी आई मुलीला जन्म देऊन मरते, वर्षाने राजा दुसरे लग्न करतो आणि तेवढे एक काम उरकून कथेतून निघून जातो. हॅन्सेल व ग्रेटेल यांची आईदेखील १८४० मध्ये अशीच सावत्र झाली. त्यांचा बाप तर मुलांना रानात सोडून येण्यात सामील असतो. तरी शेवटी मुले त्याच्याच गळ्यात पडतात. बाळंतपणात बायका मरत आणि पुरुष पुन्हा लग्ने करीत, अशा त्या काळात सावत्र आई घरोघरी असणार. तिच्यावर ठपका ठेवणे सोपे होते.

म्हणून, परीकथा डिस्नेने सोवळ्या केल्या या नेहमीच्या तक्रारीत आम्हांस फारसे तथ्य वाटत नाही. सोवळे नेसवण्याचे काम त्याच्या शतकभर आधीच सुरू झाले होते. डिस्नेने १९३७ च्या आपल्या चित्रपटात राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचविण्याची शिक्षा गाळली आणि राजपुत्राचे चुंबन घातले, हे खरे. (ग्रिमांच्या कथेत पेटी वाहणारे नोकर ठेचकाळतात आणि सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो.) तरीही ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाला तो भयंकर वाटला व मुलांनी तो वडीलधाऱ्यांसोबतच पाहावा, असे त्याने ठरविले. राजा मात्र त्या चित्रपटातही दिसत नाही.

अलीकडच्या दिग्दर्शकांना ही रिकामी जागा सोसवत नाही, असे दिसते. २०१२ मध्ये हिमगौरीवर दोन मोठे चित्रपट आले. एकात राणी लग्नाच्या रात्रीच राजाला ठार करते. दुसरा, 'मिरर मिरर', जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांचा. त्यात राजा जादूने पशू होऊन रानात भटकतो आणि अखेरीस माणसात येतो. डिस्नेच्याच २०२५ च्या नव्या आवृत्तीत राणी त्याला दूर मोहिमेवर धाडते. म्हणजे राजा मेला, पशू झाला किंवा परगावी गेला. घरात असून गप्प बसला, असे म्हणण्याची कोणाचीच तयारी नाही. आणि आम्हांला तर तोच शक्य कोटीतला वाटतो.

अपवाद २०१४ च्या 'मॅलेफिसेंट'चा. निद्रिस्त सुंदरीच्या या कथेत अपराधी खुद्द बाप आहे. गादीसाठी तो परीचे पंख कापतो. ती चिडून त्याच्या लेकीला शाप देते आणि मग आडून त्याच लेकीला सांभाळते. राजपुत्राच्या चुंबनाने मुलगी जागी होत नाही. ती जागी होते शाप देणारीने कपाळावर ओठ टेकल्यावर. दोनशे वर्षे कलंक वाहणाऱ्या सावत्र आईला येथे प्रथमच न्याय मिळाला, असे आम्ही त्या वेळी म्हणालो होतो.

पण २०१९ साली याच चित्रपटाचा पुढचा भाग आला. त्यात मुलीचे लग्न ठरते आणि कपटी निघते ती होणारी सासू. आणि सासरा? तो तकलीच्या शापाने चित्रपटातील बराच वेळ झोपलेला असतो.