बाँबे गट

परळच्या रक्तपेढ्यांत माझं आयुष्य गेलं. नव्या पोरापोरींना मी आधी १९५२ची हकीकत सांगते, कारण आमच्या कामाची अब्रू तिच्यात आहे.

परळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर रक्ताची गरज असलेले दोन रुग्ण होते. एक रेल्वे अपघातातला, दुसरा चाकू लागलेला. तांबड्या पेशींत ना ए, ना बी. म्हणजे गट ओ म्हणायचा. पण ओ रक्ताशी क्रॉसमॅच लावला, म्हणजे जुळतं का ते पाहिलं, की पेशींचे पुंजके! भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स यांच्यासह त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हा नवा प्रकार मांडला. मुंबईचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं.

कारण पेशीवरच्या साखरेत आहे. एफयूटी-१ हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असतं. ३६५ अमिनो आम्लांचं एक विकर ते घडवतं, आणि ते विकर साखरेच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज जोडतं. तयार होतं ते एच. ए आणि बी याच जोत्यावर उभे राहतात. जोतंच नसेल तर मजले चढणार कशावर? आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली की एच बनत नाही. मग शरीराला एच परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ओ पेशींवर तर एच सर्वांत जास्त! म्हणून अशा माणसाला रक्त चालतं ते फक्त बाँबे गटाचंच.

हे जनुक हाती लागलं १९९०मध्ये. भारतीयांतला नेहमीचा बिघाड एवढासाच: ७२५व्या जागी टीऐवजी जी, त्यामुळे विकरात २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. एरवी तो ठणठणीत असतो, त्यामुळे वेळ येईपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.

म्हणून मी पोरांना बजावते: रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव माहीत गटांच्या पेशींशी तपासताना, ओ पेशींची नळी गाळायची नाही. गर्दी असो, रात्रपाळी असो. १९५२मध्ये केईएममध्ये जनुकाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नळीतले पुंजके दिसले, आणि ‘ओच आहे’ म्हणून कुणी ते सोडून दिले नाहीत.