फौंड्रीतला नायटा

पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याकडे निघाले म्हणजे हातकणंगले तालुक्यातील पुलाची शिरोली लागते. तेथील औद्योगिक वसाहत ज्याची, ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या पुष्कळ आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मिस्त्री मंडळींनी तेलाची इंजिने घडवून ओतकामाची विद्या या मुलखात रुजविली होती, आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्या त्याच विद्येच्या वारसदार आहेत. या धंद्याच्या भरभराटीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो; तो धंदा ज्याच्या अंगावर चालतो त्या कामगाराच्या त्वचेचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

सुमारे चौदाशे अंश सेल्सियसला वितळलेले बीड साच्यात ओतणाऱ्या इसमाच्या अंगावर जाड विजार आणि करकचून आवळलेला पट्टा असतो. त्या पट्ट्याखाली घाम व वाळूची बारीक भुकटी पाळी संपेपर्यंत साचून राहते. कंबर आणि जांघ ही नायट्याची आवडती ठिकाणे. कड लालसर व उंचावलेली, तीवर बारीक खवले, आणि मधला भाग निवळत चाललेला, असे ते वर्तुळ दिवसागणिक रुंदावत जाते.

हा रोग प्राचीन आहे. चरकाने दद्रूची, म्हणजे नायट्याची, गणना क्षुद्रकुष्ठांत केली, सुश्रुताने ती महाकुष्ठांत केली; त्याच्या उपद्रवाची जाणीव दोघांनाही होती. टाकळ्याचे बी ताकात वाटून लावण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळी भुकटी नायट्यावरील रामबाण दवा म्हणून मुंबई इलाख्यात खपत असे. ती मुळात ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील एका वृक्षाच्या खोडातून निघे आणि पोर्तुगिजांच्या दर्यावर्दी व्यापारातून गोव्यास पोहोचे. पण तिचे हे उगमस्थान १८७५ च्या सुमारास बाहियातील एका वैद्याने दाखवून देईपर्यंत वैद्यकविश्वास ठाऊक नव्हते. ती त्वचेची आग करी आणि कपड्यांवर न जाणारे डाग पाडी. तरीही लोक ती सोसत, यावरूनच त्या खाजेची तीव्रता ध्यानात यावी.

पोटातून घेण्याचे पहिले खरे औषध ग्रिसिओफल्विन. १९३९ साली शोधले गेलेले हे द्रव्य मानवी नायट्यावर वापरात येण्यास १९५८-५९ साल उजाडावे लागले. त्याच सुमारास आपल्या पिंपरीतही उद्योग चालू होता: हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले आणि त्या जंतूच्या नावात पिंपरीचे नाव कायमचे गुंफले. सरकारी मालकीच्या कारखान्यातील हे संशोधन मला आजही आदरणीय वाटते.

पुढे टर्बिनाफिन हे औषध आले आणि काही काळ नायटा हरल्यासारखा दिसला. परंतु गेल्या दशकभरात भारतात टर्बिनाफिनला अनेकदा न जुमानणारी एक निराळीच बुरशी पसरली. जपानी संशोधकांनी २०२० साली भारत व नेपाळमधील रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिचे ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नामकरण केले, आणि २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत आढळल्याची नोंद झाली. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या प्रथिनावर आघात करते त्यातील ३९७ व्या स्थानासारख्या एखाद्या जागी एकच घटक बदलला, तरी औषध निष्प्रभ ठरू शकते.

दुसरा प्रतिकार वंशपरंपरेचा नसून वस्तीच्या आश्रयाचा आहे. बुरशीचे तंतू एकमेकांत गुंतून, स्वतःच स्रवलेल्या चिकट आवरणाखाली नांदू लागले म्हणजे त्या थराला बायोफिल्म म्हणतात. मूत्रमार्गात वा शिरेत घातलेल्या नळीवर किंवा दातांच्या कवळीवर कॅन्डिडा बुरशी असेच ठाण मांडते. आवरणात औषधाचा बराच अंश अडकतो, आतील पेशी मंदगतीने जगत राहतात, आणि मोकळ्या पेशींना मारणारी मात्रा तेथे तोकडी पडते. नायट्याच्या बुरशीही असे थर बांधतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

या संकटाला आपल्या बेपर्वाईने केवढा हातभार लावला! स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालविलेली मलमे वर्षानुवर्षे चिठ्ठीवाचून विकली गेली. त्यांनी खाज दोन दिवसांत शमते, पण स्टिरॉइडने त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी निर्वेध पसरते, आणि तिच्या कडेची ओळखही पुसट होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टिरॉइडयुक्त मलमांवर चिठ्ठीचे बंधन घातले. हुकूम योग्यच होता; अंमलबजावणी मात्र दुकानाच्या फळीवर व्हावयाची असते, आणि रजा घेऊन दवाखाना गाठणे म्हणजे दिवसाची मजुरी गमावणे, अशा ठेकेदारी कामगाराला ती फळीच जवळची वाटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बोथट पात्याने वर्तुळाच्या कडेचे खवले खरवडून काचपट्टीवर घ्यावेत, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावा, आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली आडवे-उभे तंतू दिसतात की नाही ते पाहावे. एवढी तपासणी कामगारांच्या दवाखान्यात सहज व्हावी. औषध किती आठवडे चालू ठेवायचे हे रुग्णाच्या समाधानावर न सोडता वैद्याने ठरवावे. घरातील बाधितांवर एकाच वेळी उपचार व्हावेत. आणि भट्टीवरून उतरणाऱ्यास पाळीनंतर अंघोळीचे पाणी व कोरडे कपडे मिळण्याचा बंदोबस्त मालकांनी करावा.