बेरजेआधीचे वर्तुळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिकांचा वृत्तालेख आज एक्सेलमध्ये दोन-चार क्लिकांत तयार होतो, म्हणून तो संगणकाचे अपत्य वाटतो. खरे तर तो महसुली दप्तराचे अपत्य आहे. वृत्तालेखाचा जनक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने १८०१ साली तुर्की साम्राज्याची भूमी आशिया, युरोप आणि आफ्रिका अशी विभागून वर्तुळात दाखवली, तेव्हा साम्राज्याची एकूण भूमी किती हा आकडा त्याने आधी धरलेला होता. भाग पाडायचे तर आधी बेरीज हवी. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात आला. त्यानंतर जमीनमोजणी झाली, १८६७ मध्ये शिरगणती झाली आणि १८७० च्या आल्फ्रेड लायलच्या गॅझेटियरमध्ये प्रांत तक्त्यांत मांडला गेला. १९१० मध्ये बुलढाण्याला स्वतःचे गॅझेटियर मिळाले. जिल्ह्याचा वृत्तालेख ज्या बेरजेवर उभा राहतो, ती अशी घडली.

यावर कोणी भेंडवळकडे बोट दाखवील. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये वर्तुळात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हालचाल पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. ही रीत तीनशे वर्षांहून जुनी सांगितली जाते. मग पिकांचे वर्तुळ इथे इंग्रजांच्या आधीच नव्हते का? होते, आणि मोलाचे होते. पण त्या मांडणीत प्रत्येक धान्याला जागा असते, वाटा नसतो. तीळ कमी पेरला म्हणून त्याची जागा आक्रसत नाही. तिथे प्रश्न पिकाच्या नशिबाचा आहे, क्षेत्राच्या प्रमाणाचा नाही.

प्रमाणाचे वर्तुळ कंपास आणि कोनमापकाने काढले जाई, तेव्हा एकूण आकडा ३६० अंशांना जुळवून प्रत्येक भागाचा कोन हाताने काढावा लागे. या कष्टातच एक पडताळणी होती. समजा, एका गावात निव्वळ पेरणीचे क्षेत्र ८०० हेक्टर आहे. खरिपात ते सगळे सोयाबीन, तूर, कपाशीने भरले आणि सोयाबीन निघाल्यावर त्यातल्याच २०० हेक्टरांवर हरभरा आला. ८०० हेक्टरांचे ३६० अंश धरले, तर हरभऱ्याला आणखी ९० अंश लागतात. बेरीज ४५० वर जाते आणि वर्तुळ मिटत नाही. काढणाऱ्याला तिथेच थांबून ठरवावे लागे: आपण जमीन दाखवतो आहोत की पेरण्या? स्प्रेडशीट विचारत नाही. ती १००० ची बेरीज आपणच करते, हरभऱ्याला ७२ अंश देते आणि वर्तुळ निर्दोष दिसते. जमिनीचा चौथा हिस्सा पाचवा होतो. गाव नमुना बाराच्या जुन्या रचनेत हा धोका आणखी दाट होता. त्यात मिश्र पिकाखालचे क्षेत्र एका रकान्यात आणि घटक पिकांचे क्षेत्र दुसऱ्यात असे. दोन्ही रकाने एकत्र निवडले की सोयाबीनमध्ये पेरलेली तूर दोनदा मोजली जाई. एक्सेल तर ऋण आकड्याचीही धन फोड काढून दाखवते.

हा दोष यंत्राचा नव्हे, वापरणाऱ्याचा, असे म्हणता येईल. अर्धे खरे आहे. पण कोणत्या पायरीवर माणसाला थांबावे लागते हे साधनच ठरवते, आणि लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९८३ साली तक्ता आणि आलेख एकत्र आणल्यापासून ती पायरी नजरेआड गेली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगाने दाखवले की कोनापेक्षा समान मापरेषेवरचे स्थान डोळ्याला अधिक अचूक कळते, मग वृत्तालेख हवाच कशाला? जवळजवळच्या वाट्यांची तुलना करायची असेल तर स्तंभालेखच घ्यावा. मात्र एका पिकाने गावाची निम्म्याहून अधिक जमीन व्यापली का, हे ग्रामसभेत एका नजरेत दाखवायला वर्तुळ उत्तम, आणि ज्वारी-कपाशीच्या या जिल्ह्यात सोयाबीन पसरल्यापासून तो प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो. त्या नोंदींचे वर्तुळ काढताना खरीप आणि रब्बी वेगळे ठेवावेत, मिश्र पिकाला स्वतंत्र भाग द्यावा आणि खाली एकूण क्षेत्र हेक्टरांत छापावे, म्हणजे गावातला माणूस ते आपल्या सातबाऱ्याशी ताडून पाहू शकेल.