भूर्जसालीची होडी

भूर्जपत्र म्हटलें कीं आपणांस पोथी आठवते. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांनींहि भूर्जाच्याच जातीच्या झाडाच्या सालीवर आपलीं धर्मचिन्हें कोरलीं. पण जगास ठाऊक झाली ती त्याच सालीची त्यांची होडी, म्हणजे कॅनू. सीडर लांकडाच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि सांध्यांवर राळ, एवढाच तिचा संसार. लहान होडी एकटा मनुष्य खांद्यावर घेऊन चालूं शकतो, आणि ती फुटली तर रानांतल्याच सामानानें दुरुस्त होते.

अठराव्या शतकांत केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार या होडीवर उभा राहिला. माँट्रिअलहून सुटणाऱ्या मालाच्या होड्या सुमारें ३६ फूट लांब असत. जेथें धबधबा आडवा येई, तेथें सारें सामान उतरवून डोंगरवाटेनें पलीकडे न्यावें लागे. यास पोर्टेज म्हणत. प्रत्येक नावाड्यानें ९० पौंडांचीं दोन गांठोडीं कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यानें पाठीवर वाहावयाचीं, आणि सुपीरिअर सरोवराजवळील ग्रँड पोर्टेजची वाट तर साडेआठ मैलांची! हे नावाडी अंतर मैलांत मोजीत नसत, तर वाटेंत चिलमी किती ओढल्या यावर मोजीत. त्यांच्या गाण्यांचें कौतुक मागाहून पुष्कळ झालें. अंतर्गळाच्या व्यथेबद्दल मात्र फारसें कोणी बोलत नाहीं.

या कष्टांत आनंद आहे, हें शोधून काढलें तें ज्यांस ओझें वाहावयाचें नव्हतें त्यांनीं. १८३७ सालीं ॲना जेमसन ही इंग्रज लेखिका सू सेंट मेरीच्या खळाळांतून एका ओजिब्वे नावाड्याबरोबर होडींतून खालीं आली. भीति वाटावयाच्या जागीं तिला हर्ष झाला. तेथील लोकांनीं तिला आपल्या भाषेंत नांव दिलें. त्याचा अर्थ उजळ फेसाची स्त्री असा होतो.

पुढें १८९३ सालीं अल्गोंक्विन उद्यान स्थापन झालें आणि शहरांतील लोक सुटी घालविण्यास अरण्यांत जाऊं लागले. पण ही हौस शिकावी लागते. एकाच बाजूनें वल्हें मारलें तर होडी गोल फिरते. प्रत्येक ओढीच्या अखेरीस पातें किंचित् बाहेर वळवावें, तेव्हां ती सरळ जाते. नवशिक्याचे पहिले दोन दिवस डांस, ओले कपडे आणि दुखरे खांदे यांतच जातात. बरोबर कमी सामान घ्यावें, हें शहाणपण पहिल्या पोर्टेजवर येतें. घरीं बसून तें येत नाहीं.

या मौजेची दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे. १९१३ सालीं क्वेटिको हें उद्यान झालें आणि १९१५ सालीं लॅक ला क्रॉय येथील ओजिब्वे लोकांची त्यांतील राखीव जमीन रद्द करण्यांत आली. ऑंटेरिओ सरकारनें त्याबद्दल १९९१ सालीं माफी मागितली. मग त्या लोकांनीं, वाटाड्याचा धंदा चालावा म्हणून, कांहीं सरोवरांवर यांत्रिक होड्या नेण्याची परवानगी मागितली. तेव्हां कॅनूच्या हौशी प्रवाशांपैकीं अनेकांनीं, यंत्राच्या आवाजानें अरण्याची शांतता भंगते, म्हणून हरकत घेतली.