वीज कडाडली, मदरबोर्ड उडाला, विंडोज रुसली

आज मोबाइल बाजूला, पीसीबद्दल बोलू. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे ढग गडगडले की घरातून पहिली हाक येते, "वायर काढ रे!" टीव्हीची, फोनची, आणि पुढे कॉम्प्युटरची. हा काही वेडेपणा नव्हता. ब्रॉडबँडच्या काळात टेलिफोनच्या तारेतून वीज आली की आधी मोडेम जायचा, मग लॅन केबलमधून थेट मदरबोर्डला दणका.

आता गोष्ट २००१ ची. २५ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणली. तोवर एका सीडीवर अख्ख्या गल्लीचे कॉम्प्युटर चालायचे. एक्सपीने मात्र तुमच्या मशीनचा पंचनामाच सुरू केला. प्रोसेसर, रॅम किती, हार्ड डिस्क, डिस्प्ले कार्ड, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टींची नोंद. नंतर काही बदललं तर मोजणी. नेटवर्क कार्ड तेच असेल तर बाकीच्या सहा गोष्टी बदलेपर्यंत चालून जायचं. पण नेटवर्क कार्डच बदललं, तर त्याच्यासकट चार बदल झाले की पुन्हा ॲक्टिव्हेशन!

इथेच गंमत बघा. नियम करणाऱ्यांना नेटवर्क कार्ड म्हणजे मशीनची सगळ्यात पक्की ओळख वाटली. आमच्याकडे विजेने उडणारी पहिली वस्तू तीच. लॅन पोर्ट बोर्डावर, अनेकदा डिस्प्लेही बोर्डावर. बोर्ड बदलला की एका फटक्यात चार बदल पूर्ण. मोठ्या ब्रँडच्या पीसीत फक्त बायोस तपासायचे, त्यामुळे तिथे त्रास कमी. पण दुकानातून असेंबल करून आणलेल्याची ही दशा.

मग काय करायचं? नेट नसेल तर फोन. स्क्रीनवरचे पन्नास आकडे सांगायचे, पलीकडून आलेले बेचाळीस आकडे टाइप करायचे. २००२ च्या सर्व्हिस पॅक एकनंतर त्यासाठी तीन दिवस मिळायचे. तीन दिवस! भामरागड गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. लाइन विजेनेच गेली असेल तर फोन करणार कुठून? अशा ठिकाणी एकच कॉम्प्युटर असेल, तर तो लॉक झाला की सातबाराची प्रिंट नाही, फॉर्म नाही, काहीच नाही.

त्यामुळे "फॉरमॅट मार, कॉर्पोरेटवाली सीडी टाक" हा सल्ला सगळीकडे चालायचा. मोठ्या कंपन्यांसाठीच्या त्या आवृत्तीला ॲक्टिव्हेशन नव्हतं, आणि तिची एक की जगभर फुटली होती. चोरीच ती, मान्य. पण लोक फक्त फुकटे होते म्हणून झाली, हे मला पटत नाही. पैसे देऊन घेतलेला स्टिकर सीपीयूवर चिकटवलेला असूनही माणूस अडकायचा.

लायसन्सच्या कागदात तर आणखी एक मेख. नव्या पीसीबरोबर आलेली विंडोज त्या मदरबोर्डाशी बांधलेली. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर चालतं. हौसेने अपग्रेड केला तर तो नवा पीसी, नवं लायसन्स.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० ने थोडी सूट दिली. लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येऊ लागलं. बोर्ड बदलल्यावर ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" हे निवडायचं, लॉगिन करायचं. अट एकच: खातं बोर्ड उडायच्या आधी जोडलेलं हवं. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा, डिजिटल लायसन्स खात्याशी जोडलंय असं दिसतंय का बघा. मे महिन्यातल्या वादळांआधी केलेलं बरं. आणि हो, वायर काढायचीच.