एका चौकटीचे दोन धनी

सरदार सरोवरात मणिबेली बुडाले. विस्थापितांसाठी तळोद्याची जंगलजमीन मोकळी केली, तिच्यातली काही तिथले आदिवासी आधीपासून कसत होते.

पेज टेबलचा इतिहास वाचताना मला तळोदाच आठवतो. प्रोग्रामचा पत्ता मेमरीच्या कोणत्या चौकटीत आहे, हे त्यातली नोंद सांगते. मँचेस्टरच्या 1962 च्या ‘ॲटलस’मध्ये 32 चौकटींना 32 रजिस्टरे होती, 1985 च्या इंटेल 80386 मध्ये नोंद 32 बिटांची झाली. तिचा शेवटचा बिट शून्य, म्हणजे पान जागेवर नाही. चौकट दुसऱ्याला देण्याआधी कर्नल जुनी नोंद खोडतो, प्रोसेसरने जवळ ठेवलेली तिची नक्कलही रद्द करतो. नाहीतर एकाच चौकटीत दोघे लिहू लागतात.

तळोद्यात खोडायला सातबाराच नव्हता. नांगरट मात्र होती.